महापालिका, झेडपी आणि पक्षांचं राजकारण: पैसा कुठे वळतो, कोण वळवतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निवडणूक आली की आणि ती होऊन गेली की, महापालिका आणि जिल्हा परिषदांबद्दल तेच ते प्रश्न विचारले जातात. रस्ता दुरुस्त करायला पक्ष कशाला लागतो? आमच्या प्रभागाला निधी का मिळत नाही? वर सरकार बदललं की इथलं काम का थांबतं? खाली दिलेली उत्तरं महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो: सत्तेत कोणता पक्ष आहे यावर एकूण खर्चाची रक्कम फार बदलत नाही. तो खर्च कोणत्या प्रभागात, कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या शिफारशीवर होतो, हे मात्र पुष्कळ बदलतं. आणि त्याची दोरी बऱ्याचदा महापालिकेच्या इमारतीत नसते, मंत्रालयात असते.

पाणी, कचरा, रस्ते यांत पक्षाचा संबंध येतोच कुठे?

महापालिकेच्या अंदाजपत्रकातला मोठा हिस्सा आधीच बांधलेला असतो. पगार, निवृत्तिवेतन, पाणी उपसायला आणि पथदिव्यांना लागणारी वीज, कर्जाचे हप्ते, मागच्या वर्षीच्या कामांची थकलेली देयकं. कुणीही महापौर झालं तरी हे चुकत नाही. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार आणि निवृत्तिवेतन, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, अशी राज्य सरकारची मर्यादा आहे आणि अनेक नगरपालिकांना तीही पाळता येत नाही. त्यामुळे निवडून आलेल्या पक्षाच्या हाती उरतो तो भांडवली कामांचा भाग आणि किरकोळ कामांची तरतूद. राजकारण या उरलेल्या पैशावर चालतं. रक्कम तुलनेनं लहान असली तरी लोकांच्या नजरेला पडणारी जवळपास सगळी कामं तिच्यातूनच होतात. म्हणून तिच्यासाठी एवढी रस्सीखेच असते.

पक्ष बदलला म्हणून शहर बदललं, असं कुठे झालंय का?

नाशिकचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा जिंकून मनसेनं भाजपच्या मदतीनं तिथे सत्ता मिळवली. उद्योगसमूहांच्या सामाजिक निधीतून उद्यान, वाहतूक शिक्षणाचं पार्क अशी काही कामं झाली आणि ती बाहेरचे लोकही बघायला यायचे. महापालिकेच्या तिजोरीला फार हात न लावता काम करण्याची ही वेगळी पद्धत होती. तरी २०१७ मध्ये मनसेच्या ४० जागांच्या ५ झाल्या, भाजपला ६६ मिळाल्या. त्या प्रचारात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याचं आश्वासन दिलं होतं. मला यात सगळ्यात बोलकं काही वाटत असेल तर ते हे आश्वासनच. आमचा महापौर हे करील, असं न सांगता मुख्यमंत्री तुमच्याकडे लक्ष देतील, असं सांगून महापालिकेची मतं मागितली गेली. पुढे इतर शहरांतही आणि इतर पक्षांनीही हाच सूर लावला. मतदारालाही ते पटतं, कारण पैशाच्या चाव्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं.

अंदाजपत्रकात राजकारण नेमकं कुठून शिरतं?

१९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली येणाऱ्या महापालिकांत (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे) आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला देतात. स्थायी समिती त्यात बदल करून ते मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, ठेवते. समितीत १६ सदस्य असतात, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात आणि अध्यक्षाची निवडही दरवर्षी होते. ठरावीक रकमेपुढच्या निविदा याच समितीच्या मंजुरीनं पुढे जातात. महापौरपदाचा मान मोठा, पण पक्षांमध्ये खरी ओढाताण होते ती ‘स्थायी’साठी.

राजकारण शिरतं ते पहिल्यांदा उत्पन्नाच्या बाजूनं. आयुक्तांनी धरलेल्या उत्पन्नात स्थायी समिती काही कोटींची भर घालते. मालमत्ताकराची थकबाकी जास्त वसूल होईल, बांधकाम परवानगीचं शुल्क वाढेल, जागा भाड्यानं जातील, वगैरे. कागदावर वाढलेल्या या उत्पन्नावर नवी कामं बसवली जातात. वर्षअखेर उत्पन्न तेवढं येत नाही, मग कामं अर्ध्यात थांबतात किंवा ठेकेदारांची बिलं पुढच्या वर्षावर ढकलली जातात. त्यालाच दायित्व म्हणतात. काही नगरपालिकांत हे दायित्व इतकं साठतं की नव्यानं निवडून आलेल्यांना पहिली दोन वर्षं जुनी देणी फेडण्यापलीकडे फार काही करता येत नाही.

मग येते टोकन तरतूद. ४० कोटींच्या उड्डाणपुलासमोर एखादा लाख रुपये टाकलेले दिसतात. लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबाच्या पुस्तकातलं खातं, उघडलं जातं, पुस्तकात कामाचं नाव येतं, फ्लेक्स लागतो. काम होईलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्गीकरण. माझ्या मते प्रत्येक नागरिकाला निदान हा एक शब्द ठाऊक असायला हवा. वर्गीकरण म्हणजे एका कामाचा मंजूर निधी दुसऱ्या कामाकडे वळवणं. ठरावाची भाषा अगदी कोरडी असते: अमुक प्रभागातील सांडपाणी वाहिनी विकसित करणे या कामासाठी उपलब्ध तरतुदीपैकी इतके लाख रुपये तमुक प्रभागात विविध ठिकाणी बाकडी बसविणे, नामफलक लावणे व काँक्रिटीकरण करणे यासाठी वर्गीकरणाने उपलब्ध करून देणेस मान्यता. ‘विविध ठिकाणी’ हे दोन शब्द नीट वाचा. ठिकाण लिहिलेलंच नसेल तर काम झालं का, कुठे झालं, हे तपासणार कसं? मलवाहिनी जमिनीखाली असते, बाकड्यावर नाव असतं. पाच वर्षांनी मतं मागायची असतील तर कुणालाही बाकडंच सोयीचं वाटणार, मग पक्ष कोणताही असो. निवडणुकीआधीच्या वर्षात असे ठराव कसे वाढतात, हे कोणत्याही मोठ्या शहराच्या कार्यपत्रिका चाळल्या की कळतं.

पुण्यात नगरसेवकांच्या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात, इतरत्र नगरसेवक निधी किंवा प्रभाग निधी. सत्ताधाऱ्यांच्या प्रभागाला जास्त आणि विरोधकांना कमी, ही तक्रार प्रत्येक पक्षानं विरोधात असताना केली आहे आणि सत्तेत आल्यावर प्रत्येक पक्षाला ती ऐकावी लागली आहे.

मालमत्ताकर, पाणीपट्टी वर्षानुवर्षं का वाढत नाही? आणि वाढते तेव्हा एकदम का वाढते?

कारण करवाढीचा प्रस्ताव आयुक्तांनी मांडायचा आणि पदाधिकाऱ्यांनी तो फेटाळायचा, ही ठरलेली रीत आहे. फेटाळण्याचं श्रेय मिळतं. त्यानं पडलेली तूट कुणाच्याच नावावर चढत नाही.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ताकर माफ करण्याचं आश्वासन शिवसेनेनं २०१७ च्या निवडणुकीत दिलं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं देयकातला फक्त सर्वसाधारण कर माफ केला, बाकीचे घटक तसेच राहिले आणि त्यावरून पुष्कळ वाद झाला. संपूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली. तेव्हा उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते आणि महापालिकेची मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरले होते. ज्यांना माफी मिळाली त्यांच्यासाठी ती खरीच मोलाची आहे, लहान घरात राहणाऱ्याला करात सवलत देणं हे धोरण म्हणूनही टिकणारं आहे. पण ती द्यायची की नाही याचा अंतिम निर्णय महापालिकेच्या सभागृहाच्या हाती नव्हता. आश्वासन महापालिकेच्या निवडणुकीत दिलं गेलं आणि पुरं झालं मंत्रिमंडळात.

पुण्यातली ४० टक्क्यांची सवलत हे दुसरं उदाहरण. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळणारी ही सवलत २०१९ मध्ये बंद झाली आणि हजारो लोकांच्या हाती वाढीव बिलं पडली. मार्च २०२३ च्या सुरुवातीला कसबा पोटनिवडणुकीत भाजपनं वर्षानुवर्षं राखलेली जागा काँग्रेसनं जिंकली. त्या प्रचारात या कराचा विषय होताच. पुढच्या काही आठवड्यांत राज्य सरकारनं सवलत पुन्हा लागू केली. घरात स्वतः राहतो हे दाखवण्यासाठी लोकांना पीटी-३ अर्ज भरावा लागला, तो वेगळा व्याप. श्रेय सगळ्याच पक्षांनी घेतलं. त्या काळात महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, हेही ध्यानात घ्या.

बसभाड्याचंही तसंच. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ रुपयांवर आणलं गेलं, विधानसभा निवडणूक तेव्हा काही महिन्यांवर होती. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झालं, तेव्हा सभागृहच अस्तित्वात नव्हतं. कडू निर्णयासाठी सगळ्यांना प्रशासक, म्हणजे सभागृह नसताना कारभार बघणारा सरकारी अधिकारी, सोयीचा पडतो.

जकात गेली, एलबीटी गेला. त्यानं काय फरक पडला?

फार मोठा. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हा महापालिकेचा स्वतःचा, रोज हातात पडणारा पैसा होता. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, व्यापाऱ्यांना नको होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तो रद्द करण्याचं आश्वासन दिलं गेलं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. मुंबईतली जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर संपली. आता त्या बदल्यात राज्याकडून दरमहा नुकसानभरपाई येते. ती कायद्यानं ठरलेली आहे, दरवर्षी वाढते, हे खरं. पण स्वतः गोळा केलेला पैसा आणि दुसऱ्यानं पाठवलेला पैसा यांत फरक राहतोच. उत्पन्नाचा मुख्य झरा दुसऱ्याच्या आवारात असला की राज्यातल्या सत्तेशी जुळवून घेणं ही शहराची गरज होऊन बसते. ज्या पक्षाची राज्यात सत्ता त्यालाच महापालिकेतही निवडा, म्हणजे निधी येईल, या प्रचाराला बळ मिळतं ते यामुळे. मला हा प्रचार लोकशाहीला घातक वाटतो. तरीही तो चालतो, याचा अर्थ व्यवस्थेनंच त्याला जागा करून दिली आहे.

राज्यात एका पक्षाची सत्ता आणि महापालिकेत दुसऱ्याची, असं झालं तर?

मग आयुक्त मधोमध सापडतात. आयुक्तांची नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं. सभागृहाचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध आहे असं वाटलं तर १९४९ च्या कायद्यातल्या कलम ४५१ नुसार सरकार तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. म्हणजे बहुमत असलं तरी शेवटचा शब्द वरचाच.

एकाच अधिकाऱ्याच्या बाबतीत दोन शहरांत काय झालं ते पाहा. तुकाराम मुंढे नवी मुंबईचे आयुक्त असताना ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सभागृहानं त्यांच्यावर १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव मंजूर केला. विरोधात पडलेली ६ मतं भाजपची होती. राज्यात सरकार भाजपच्या नेतृत्वाचं होतं आणि त्यानं मुंढेंना लगेच हलवलं नाही, त्यांची बदली झाली मार्च २०१७ मध्ये. पुढच्या वर्षी तेच अधिकारी नाशिकला आयुक्त झाले. तिथे सत्ता भाजपची. करवाढ आणि नगरसेवकांच्या कामांना लावलेली कात्री यावरून भाजपचेच नगरसेवक त्यांच्यावर अविश्वास आणायला निघाले, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागे घेतला गेला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंढेंची बदली झाली. एका पक्षाची भूमिका दोन शहरांत उलटी दिसते, ती स्थानिक सत्ता कुणाच्या हाती होती यामुळे. आयुक्त चांगला की वाईट हे ठरवताना प्रत्येक पक्ष आधी सभागृहात आपण कोणत्या बाजूला बसतो ते पाहतो.

चौकशी आणि लेखापरीक्षण हेही असंच हत्यार ठरतं. मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची ‘कॅग’कडून, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून, तपासणी राज्यातली सत्ता बदलल्यानंतर झाली आणि तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यातल्या निविदांबद्दलच्या आक्षेपांची उत्तरं मुंबईकरांना मिळायलाच हवीत. अशी तपासणी राज्यात आणि महापालिकेत एकाच पक्षाची सत्ता असतानाही व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

पालकमंत्रिपदासाठी एवढी भांडणं का होतात?

जिल्हा नियोजन समितीमुळे. ‘डीपीडीसी’ म्हणून सगळे तिला ओळखतात. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडडी नुसार या समितीचे निदान चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या ग्रामीण आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. अध्यक्ष मात्र पालकमंत्री. कामांची यादी त्यांच्या सहीशिवाय हलत नाही. जुलै २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर नव्या सरकारनं आधीच्या काळात मंजूर झालेल्या डीपीडीसीच्या कामांना स्थगिती दिली आणि नवे पालकमंत्री नेमले गेले ते सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या काळात शाळाखोल्या, साकव, गावजोड रस्ते कागदावरच थांबले. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांच्या नेमणुका जाहीर होताच स्थगित कराव्या लागल्या, त्याही सत्तेतल्या मित्रपक्षांच्याच भांडणामुळे.

झेडपीच्या वर्तुळात ‘पंचवीस पंधरा’ हा आकडा रोज ऐकू येतो. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. गावांतर्गत रस्ते, सभामंडप अशा मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात आणि ती आमदारांच्या पत्रावर मंजूर होतात. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, ते वेगळेच. गावातला रस्ता करणं हे खरं तर जिल्हा परिषद सदस्याचं काम. पण पैसा आमदाराच्या पत्रानं येतो म्हटल्यावर तो सदस्य आमदाराच्या मागे फिरतो आणि त्याचा पक्षही तिथेच ठरतो.

प्रशासक होते तेव्हा तरी राजकारण थांबलं होतं ना?

नाही. ते दिसेनासं झालं होतं, एवढंच.

नवी मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथल्या सभागृहांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबईची ७ मार्च २०२२ रोजी संपली, त्याच महिन्यात पुणे, नाशिक यांसारख्या महापालिकांची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांत वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं घटनेचं कलम २४३ यू स्पष्ट सांगत असताना हे घडलं. याची चीड यायला हवी.

या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच होता. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यावर एकाही नगरसेवकानं भाषण केलं नाही, कपात सुचवली नाही, एकही उपसूचना आली नाही. २०२३ मध्ये मुंबईत आमदारांनी सुचवलेल्या कामांना महापालिकेच्या पैशातून निधी देण्याची पद्धत आली आणि त्याला पालकमंत्र्यांची मान्यता लागायची. सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांत पैसा गेला आणि विरोधी आमदारांच्या मागण्या पडून राहिल्या, हे वर्तमानपत्रांनी कागदपत्रांच्या आधारे छापलं. सभागृह असतं तर निदान हा प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला असता.

ग्रामीण भागात याची झळ वेगळ्या रूपात बसली. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी लोकनियुक्त मंडळ असलेल्या संस्थांसाठी होता. मंडळच नसल्यानं जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या वाट्याचे पैसे अडकले.

प्रभागरचना दर निवडणुकीला का बदलते?

प्रत्येक सरकारला आपल्याला सोयीची रचना हवी असते म्हणून. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००७ मध्ये एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. २०१९ च्या अखेरीस महाविकास आघाडी सरकारनं पुन्हा एकसदस्यीय पद्धत आणली, २०२१ मध्ये तीनसदस्यीय केली आणि २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारनं २०१७ च्या रचनेवर गाडी परत आणली. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ करून पुन्हा २२७ झाल्या, त्याही याच ओढाताणीत. थेट नगराध्यक्ष आणि थेट सरपंच यांचंही तेच: एका सरकारनं आणायचे, दुसऱ्यानं काढायचे, तिसऱ्यानं परत आणायचे.

खर्चावर याचा परिणाम होतो, आणि तो रोजच्या व्यवहारात जाणवतो. चार सदस्यांच्या प्रभागात पक्षाचं चिन्ह भारी पडतं, एकट्यादुकट्या कार्यकर्त्याला निवडून येणं अवघड जातं. आणि गटार तुंबलं की चौघांपैकी कुणाला धरायचं हे कळत नाही. चौघंही आपापल्या निधीतून एकाच चौकाचं सुशोभीकरण करू पाहतात, आतल्या गल्लीत कुणी फिरकत नाही. माझा कौल एकसदस्यीय प्रभागाच्या बाजूनं आहे. त्यातही दोष आहेत, नगरसेवक स्वतःला प्रभागाचा मालक समजू लागतो. पण निदान दार कुणाचं ठोठवायचं हे तरी माहीत असतं.

राज्यात एकमेकांविरुद्ध लढणारे पक्ष महापालिकेत एकत्र कसे येतात?

२००७ चा ‘पुणे पॅटर्न’ आठवा. राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र सत्तेत होते आणि पुणे महापालिकेत राष्ट्रवादीनं शिवसेना-भाजपला सोबत घेऊन काँग्रेसला, म्हणजे तिचे पुण्यातले नेते सुरेश कलमाडी यांना, सत्तेबाहेर ठेवलं. मुंबईत २०१७ मध्ये शिवसेना ८४, भाजप ८२ अशी अटीतटीची लढत झाल्यावर भाजपनं महापौरपदावरचा हक्क सोडला आणि पारदर्शकतेचे पहारेकरी म्हणून काम करू, असं जाहीर केलं. राज्यात तेव्हा दोघं एकाच सरकारात होते.

समित्यांवरच्या जागा पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर ठरतात. त्यामुळे निकालानंतर महिनाभर गट आणि आघाड्यांची विभागीय आयुक्तांकडे नोंदणी करण्याची धावपळ चालते. दोन अपक्ष इकडचे तिकडे झाले तरी स्थायी समितीतलं एक स्थान हलतं आणि त्या एका स्थानावर वर्षभराच्या निविदांचं बहुमत अवलंबून असू शकतं.

नगरसेवक पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो का?

पक्षादेश असेल तर नाही, देईल तर पद जाऊ शकतं. त्यासाठी १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. फुटाफुटीला त्यानं थोडा आळा बसतो. पण आपल्या प्रभागातली शाळेची जागा विकसकाला देण्याच्या प्रस्तावावरही नगरसेवकाला गटनेत्याकडे पाहून हात वर करावा लागतो.

ग्रामपंचायतीत तर पक्ष नसतो ना?

चिन्ह नसतं, पॅनेल असतं. निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापल्या सरपंचांचा आकडा सांगतात, त्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. मोठ्या कामाचा पैसा आमदार, झेडपी किंवा डीपीडीसीतून येत असल्यानं सरपंचाला कुठल्या तरी गटाच्या जवळ राहावंच लागतं.

नगरसेविका, महिला सरपंच आल्यानं खर्च बदलतो का?

बदलतो, आणि याला चांगला पुरावा आहे. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रमुखपद महिलांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केल्याचं दोन्ही राज्यांत दिसलं. रस्त्यांबाबत चित्र वेगळं होतं: बंगालमध्ये खर्च वाढला, राजस्थानात घटला. जिथे बायकांच्या ज्या तक्रारी जास्त, तिथे खर्च तिकडे वळला. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नवऱ्यानंच कारभार बघण्याचे प्रकार आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्यांदा निवडून आलेली बाई सभागृहात कशी बोलते हे ज्यांनी ऐकलंय, ते हे आरक्षण नुसतं कागदावरचं आहे असं म्हणणार नाहीत.

मग स्थानिक निवडणुकांतून पक्षच हद्दपार केले तर?

मला पटत नाही. पक्ष नसले तरी गट राहतील, ठेकेदारांचे, बिल्डरांचे, भावकीचे, आणि त्यांचा जाहीरनामाही नसेल. ५०० चौरस फुटांच्या माफीचं आश्वासन छापील होतं म्हणून पाच वर्षं त्याचा जाब विचारता आला. मला हवं आहे ते वेगळं: महापालिकेला स्वतःचं भरवशाचं उत्पन्न, वेळेवर निवडणुका आणि आयुक्तांवर सभागृहाचा खरा वचक. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीतले १८ विषय कागदावर १९९३ पासून आहेत. पैसा आणि माणसं मात्र त्यांच्या मागोमाग आली नाहीत. २००९ मध्ये क्षेत्रसभेचा कायदा झाला, मतदारांनी आपल्या भागाची कामं एकत्र बसून सुचवावीत म्हणून. तो अमलात आणायची घाई कोणत्याच पक्षाला झाली नाही.

माझ्या प्रभागाचा पैसा कुठे गेला, हे मी कसं शोधू?

अंदाजपत्रकाचं पुस्तक महापालिकेच्या संकेतस्थळावर असतं. त्यात आपल्या प्रभागाचं नाव शोधा आणि कामासमोरची तरतूद एक लाखाची की खरीच पुरेशी, ते पाहा. मग स्थायी समिती आणि मुख्य सभेच्या कार्यपत्रिकांमध्ये ‘वर्गीकरण’ हा शब्द शोधा. पैसा तुमच्या प्रभागातून गेला की आला, कुणाच्या प्रस्तावावरून आणि कोणत्या तारखेला, हे तिथे कळतं. तारीख आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यातली असेल तर जास्त बारकाईनं वाचा. ऐनवेळचे विषय कार्यपत्रिकेत छापलेले नसतात, त्यासाठी इतिवृत्त मागावं लागतं.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो आणि त्याची मुदत अंदाजपत्रकाच्या बरीच आधी संपते. अर्जाची पोच घ्या, पुढे तेच काम पुस्तकात आलं का हे बघता येतं.

काम झाल्याचं सांगत असतील पण जागेवर दिसत नसेल, तर माहिती अधिकारात चार कागद नावानिशी मागा: मंजूर अंदाज, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयक. ‘कामाची सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज केला तर उत्तरही मोघम येतं. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी आणि मोजणी केल्याची तारीख लिहिलेली असते. ती प्रत आणि मोजपट्टी घेऊन जागेवर जा, शक्य असेल तर कनिष्ठ अभियंत्याला बोलावून घ्या आणि विरोधी पक्षाच्या नगरसेवकालाही कळवा, तो नक्की येईल.